कावीळ म्हणून सांगितलेला आजार

ताई, आधी माझ्या अक्षराची माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले आणि त्यालाही आता तीस वर्षं होत आली. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही जमत नव्हतं. काही ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलंय, तिथं शाई पसरली आहे. लागणार नाही ते दवाखान्यातल्या सिस्टरबाईंकडून वाचून घ्या. माझ्या अक्षराची त्यांना सवय आहे.

तुमचं नाव मला माहीत नाही. सिस्टरबाईंनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढंच कळलं की तुम्ही आपल्याच ख्रिस्ती विश्वासातल्या घरच्या आहात, छातीचा आजार निघाला आहे आणि मंडळीत कुणाला कळू नये म्हणून तुम्ही दुसरंच काही सांगून ठेवलं आहे. सिस्टरबाई मला म्हणाल्या, "तू एकदा तिच्याशी बोल." मला चार माणसांत बोलता येत नाही, एका माणसाशीही नीट येत नाही. म्हणून मुलीच्या वहीची मागची कोरी पानं काढून लिहायला बसले आहे. यात औषधांचं काही सांगणार नाही, ते डॉक्टरांना कळतं. मी काय केलं तेवढंच सांगते. लाजेनं हात थांबतो आहे, पण सांगते.

छातीचा फोटो

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पावसाळ्यापासून मला खोकला होता. मी शिंप्यांकडून शर्ट आणून घरी काज-बटण करायची. खाली मान घालून बसलं की खोकला जास्त यायचा. आमचे हे तेव्हा शिरोलीकडं नव्या फौंड्रीत मोल्डिंगला होते. त्यांनी एक दिवस खाडा केला आणि मला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी फोटो उजेडाकडं धरला. मला वाटलं होतं, वाईट बातमी सांगताना माणूस थोडा थांबत असेल. ते थांबले नाहीत. "क्षय आहे. बरा होतो. औषध सोडायचं नाही. ताट-पेला वेगळा ठेवा, खोकताना तोंडावर पदर घ्या. जवळ बसणारी-उठणारी माणसं कोण कोण आहेत त्यांची नावं सांगा. सगळ्यांना फोटो काढायला पाठवायचं."

यांनी नावं सांगितली. आई, बहीण सुशीला, मुलगी, ते स्वतः.

डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "आणखी कोण? शेजारीण, मैत्रीण?"

आमच्यापासून दोन घरं टाकून सलोमीबाई राहायच्या. दर रविवारी देवळात माझ्या डाव्या हाताला बसायच्या. आमच्या दोघींत गाण्याचं पुस्तक एकच. मी मान हलवून नाही म्हटलं.

का नाही म्हटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या क्षणी एवढंच वाटलं की त्यांना कळलं की सगळ्यांना कळलं.

परत येताना हे सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. अर्ध्या वाटेत म्हणाले, "आईला सांगू. बाहेर न्हाय."

सुशीलाचं तेव्हा कुरुंदवाडच्या एका घराशी जमत आलं होतं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "क्षय म्हटलं तर ती माणसं उंबऱ्यावरनं माघारी जातील. कावीळ म्हणा. कावीळ कुणालाबी हुती."

मग आम्ही रोजच्यासारखी घरात प्रार्थना केली. गुडघे टेकून माझ्या बरं होण्यासाठी मागितलं, उठलो आणि काविळीचं पक्कं केलं. मी आत्याबाईंवर ढकलत नाही. त्या लेकीची आई होत्या. पुढं जे खोटं बोललं गेलं ते माझ्या जिभेनं बोललं गेलं.

पेला

चार दिवसांनी महिन्याचा पहिला रविवार आला. आमच्या मंडळीत त्या दिवशी प्रभुभोजन असतं. तुमच्याकडं लहान लहान पेले असतील तर देवाची कृपा. आमच्याकडं एकच मोठा पेला होता. बायका पुढं जाऊन ओळीनं गुडघे टेकतात, पाळकसाहेब पेला एकीच्या ओठाला लावतात, काठ फडक्यानं पुसतात, थोडा फिरवतात आणि दुसरीला देतात.

जी बाई जागेवरून उठत नाही तिच्याकडं सगळ्या देवळाचे डोळे जातात, हे तुम्हाला सांगायला नको. घरी भांडण झालं असेल, कुणाचं काही उचललं असेल, काहीतरी असेलच, असं धरतात. उपासना संपायच्या आत तीन जणी विचारायला येतात.

पाळकसाहेब नेहमीप्रमाणं म्हणाले, कुणाचं कुणाशी काही राहिलं असेल तर आधी ते मिटवा, मग या. मी मनाशी म्हटलं, ते पापाबद्दल बोलतायत. मला तर आजार आहे, आजार म्हणजे पाप नव्हे. एवढ्यावर मी उठले.

माझ्यानंतर सलोमीबाई होत्या. पेला माझ्याकडून त्यांच्याकडं गेला.

नुसते ओठ लावले, प्यायले नाही, असं मी पुढं कितीतरी दिवस मनाला सांगत होते. ते खरं नाही. मी घोट घेतला.

उसाचा रस

सलोमीबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. नवरा ट्रकवर होता, तो वारला. मागं एक शिलाई मशीन राहिलं, त्यावर झंपर आणि परकर शिवून त्या पोट भरायच्या. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. माझ्या न बोलण्यावरून त्या मला सारखं छेडायच्या. "हिच्या तोंडात देवानं जीभ घातलीच न्हाय, सुई घातलीया. बघा की, बोलली तर टोचंल म्हणून गप बसतीया."

कावीळ झाली म्हणून कळलं तेव्हा त्या दुसऱ्या दिवशी दुपारी तांब्याभर उसाचा रस घेऊन हजर. वर आलं-लिंबू पिळलेलं. "कावीळ म्हंजे उसाचा रस. दुसरं औषध न्हाय. ऊठ, पी."

त्या रोज आल्या. अडीच आठवडे. मशीन बंद ठेवून, उन्हातून तांब्या पदराखाली धरून यायच्या, माझ्या उशाशी बसायच्या, वारा घालायच्या. आत्याबाईंनी माझ्या पेल्यावर खिळ्यानं खूण केली होती. सलोमीबाईंची चाहूल लागली की तो पेला फडताळात जायचा आणि घरचा साधा पेला बाहेर यायचा, नाहीतर त्यांनी विचारलं असतं ही खूण कसली.

एकदा त्यांनी माझी पापणी खाली ओढून बघितली. "डोळं काय पिवळं दिसंनात गं तुझं?"

आत्याबाई आतून म्हणाल्या, "उतरत आली की आता. तुझ्या रसाचा गुण."

त्यावर सलोमीबाईंना एवढा आनंद झाला. मला तो पेलाभर रस जात नसे, निम्मा राहायचा. त्या म्हणायच्या, "टाकतीस व्हय? फुकट आलाय?" आणि माझा उरलेला रस त्याच पेल्यातून पिऊन टाकायच्या.

मी बघत होते. रोज बघत होते. 'नका पिऊ' एवढे दोन शब्द होते, ताई. ते मला बोलता आले नाहीत.

वॉर्ड

मग एका सकाळी थुंकीत रक्त पडलं आणि मला मिशनच्या दवाखान्यात न्यावं लागलं, दुसऱ्या गावी. चार महिने. मंडळीला सांगितलं की काविळीनं लिव्हर सुजलं आहे. दर बुधवारी प्रार्थनासभेत माझ्या लिव्हरसाठी नाव घेऊन प्रार्थना व्हायची, असं हे मला कौतुकानं सांगायचे. मग आम्ही दोघंही खाली बघायचो.

वॉर्डातला दिवस तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी सुई, मग त्या पुड्या, ज्यांच्या वासानं मला आजही मळमळतं. ताप बघायचा, कागदावर लिहायचा. दुपारी सगळ्यांना व्हरांड्यात नेऊन खुर्च्यांवर बसवायचे. रविवारी यष्टी आली की सगळ्या जणींच्या माना फाटकाकडं. हे दोन तास बसायचे आणि मुलीनं काढलेली चित्रं दाखवायचे. सुईची जागा दगडासारखी झाली की सिस्टरबाई स्वतः गरम पाण्याची बाटली आणून धरायच्या. त्याच या सिस्टरबाई. त्यांनी मला कधी विचारलं नाही की तुझ्या मंडळीचे पाळक भेटायला का येत नाहीत.

शेजारच्या खाटेवर गंगव्वा होती, सीमेकडच्या खेड्यातली, लिंगायत घरची. तिचा आवाज म्हणजे पत्र्यावर दगड. तिची माणसं भेटायला आली की ती लांबूनच ओरडायची, "थितंच उभं ऱ्हावा! मला क्षय हाय. पोराला जवळ आणलंस तर बघ!" सगळ्या वॉर्डाला ऐकू जायचं. मला तिचीच लाज वाटायची. केवढ्यानं सांगते ही, असं वाटायचं.

दवाखान्यात रोज सकाळी प्रार्थना व्हायची. गंगव्वा कान देऊन ऐकायची आणि नंतर मला प्रश्न विचारायची. मला बरं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडून काही शिकत होतं. प्रभूनं आजाऱ्यांना कसा हात लावला, ज्यांच्यापासून सगळे पळायचे त्यांच्या घरी तो कसा जेवला, ते मी तिला सांगायची. पापांची कबुली दे, तो क्षमा करतो, असंही मी तिला म्हणाले. सलोमीबाईंच्या रसाचंही तिला सांगितलं होतं.

ती म्हणाली, "बेस हाय तुझा देव, अक्का. बरं, ती तुझी रसवाली मैत्रीण. तिला सांगितलंस न्हवं, फोटो काढून घे म्हणून?"

मी म्हटलं, "सांगेन."

"सांगीन? चार म्हैनं झालं की."

तिनं डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. "मग मला काय शिकिवतीयास गं?"

ती हसत म्हणाली आणि लगेच आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मला दिली. तिच्या मनात काही नव्हतं. पण मी तोंड भिंतीकडं करून पडले. त्या दिवसापासून मी देवाला रोज सांगायला लागले की मी खोटं बोलले, मला क्षमा कर. रोज रडून सांगायची. देवाला सांगणं सोपं होतं, ताई. त्याला आधीच माहीत होतं. आणि तो उठून आमच्या गल्लीत जाऊन काही बोलणार नव्हता.

साक्ष

मी बरी होऊन घरी आले. वजन वाढलं होतं, गाल वर आले होते. भगिनी मंडळाच्या बैठकीत पाळकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही आज साक्ष द्या. देवानं तुमच्यासाठी काय केलं ते सांगा."

मी जन्मात कधी उभी राहून बोलले नव्हते. तीन वाक्यं बोलले. मला कावीळ झाली होती. लिव्हर सुजलं होतं. तुमच्या प्रार्थनेनं देवानं मला उठवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सलोमीबाई तर मोठ्यानं रडल्या. पहिल्यांदा चारचौघींत तोंड उघडलं, ते असं.

मे महिन्यात सुशीलाचं लग्न झालं. आत्याबाई म्हणाल्या, "सुटलो."

चिंध्या

पुढच्या थंडीत सलोमीबाईंना खोकला लागला. त्या म्हणायच्या, कापडाची तुसं छातीत बसली. मी त्यांच्या शेजारी बसून तो खोकला ऐकत होते आणि मला कळत होतं. एकदा म्हटलं, "दवाखान्यात जाऊन या." त्या म्हणाल्या, "खोकल्यासाठी कोण दवाखान्यात जातंय? काढा घेतो की." मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

शेवटी त्या दवाखान्यात गेल्या तेव्हा छातीत दोन्ही बाजूला पसरलं होतं.

पुढच्याच रविवारी देवळाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "मला क्षय झालाय, बायांनो. लांब बसा." प्रभुभोजनाला त्या उठल्या नाहीत. एकट्या मागच्या बाकावर बसून राहिल्या. "पेला सगळ्यांचा हाय न्हवं," म्हणाल्या. सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडं गेले आणि त्यांनी ते जाऊ दिले. मी पुढं गुडघे टेकले होते.

दवाखान्यात जायचं म्हणजे काम बंद. भाडं, दूध, अंडी, यष्टीचा खर्च. त्यांनी मशीन दोनशे ऐंशी रुपयांना एका शिंप्याला विकलं.

जायच्या आधी त्यांनी मला बोलावलं. मशीन जिथं असायचं तिथं जमिनीवर पायांचे चार ठसे होते. त्या त्याच्या पलीकडं भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तू बरी झालीस. तुझं देव ऐकतोय. माझ्यासाठी मागणी कर. माझंच कायतरी पाप असणार की गं, उगं न्हाय येत असला रोग."

मी म्हटलं, "तुमचं कसलं पाप?"

"हाय की. झंपराचं कापड उरतंय न्हवं, वीतभर, हातभर. दिलं न्हाय मी कुणाचं माघारी. गाठोडं भरलंय." त्यांनी कोपऱ्याकडं बोट केलं. "त्याचंच हे."

आणि ताई, तिथं बसून मी त्यांना म्हणाले, "पश्चात्ताप करा. देव क्षमा करतो." त्यांचा हात हातात घेतला आणि डोळे मिटून त्यांच्या पापांसाठी मोठ्यानं प्रार्थना केली. त्यांनी आमेन म्हटलं.

हे लिहून मी मघाशी उठून गेले होते. परत येऊन बसले आहे.

दुसऱ्या दिवशी त्या तापात घरोघर फिरल्या. गाठोड्यातल्या चिंध्या त्यांनी धुऊन, घड्या करून ठेवल्या होत्या. ज्याची त्याला. लोक हसले. "अहो, ह्या चिंधीचं आम्ही करायचं काय?" त्या म्हणायच्या, "काय बी करा, पण तुमचं हाय." शेवटी आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत, पदर तोंडावर धरून अंगणात उभ्या राहिल्या. माझ्या मुलीच्या फ्रॉकातला निळा तुकडा, तळहाताएवढा. "हे तुझं," म्हणाल्या. "माफ कर गं."

मी तो घेतला नाही. तोंडातून निघून गेलं, "सलोमीबाई, मला कावीळ नव्हती."

"मग काय हुतं?"

"तुम्हाला आहे ते."

"डॉक्टरनं सांगितलंतं तुला? तवाच?"

"होय."

"पेल्याच्या आदी का मागनं?"

"आधी."

"आणि मी रस घेऊन येत हुतो..." त्यांनी ते पुरं केलं नाही.

मी म्हटलं, "डॉक्टरांनी नाव विचारलं होतं. जवळच्यांचं. मी तुमचं सांगितलं नाही."

"सांगितलं असतंस तर फोटो काढला असता की गं मी. वर्साआदी." मग आवाज एकदम बारीक झाला. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "माझं मशीन गेलं की."

जाताना तो निळा तुकडा त्यांनी पायरीवर ठेवला आणि वळून म्हणाल्या, "काल माझ्या पापासाठी प्रार्थना केलीस न्हवं तू?"



मंडळीसमोर

हे कामावरून आल्यावर मी त्यांना सांगितलं की मी सलोमीबाईंना खरं सांगितलं आणि आता मंडळीतही सांगणार. ते पायातली वहाण तशीच ठेवून ओट्यावर बसले. "सुशीच्या सासरी कळंल. तिला नांदवतील व्हय?" तीन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. आत्याबाई जेवल्या नाहीत. चौथ्या दिवशी हे म्हणाले, "तू बोलणार असशील तर मी बाजूला उभा ऱ्हातो. बोलणार मातर न्हाय." मला तेवढं पुरेसं होतं.

पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "मंडळीला सांगावं लागेल. तुमच्याजवळ बसलेल्या सगळ्यांना तपासायला हवं."

रविवारी हे माझ्या शेजारी उभे राहिले. मी पुन्हा थोडीच वाक्यं बोलले. मला क्षय होता. मी खोटी साक्ष दिली. मला माहीत असताना तुमच्या पेल्यातून प्यायले. सलोमीबाईंना सांगितलं नाही. जे माझ्या जवळ बसले त्यांनी फोटो काढून घ्या. मागून एक बाई मोठ्यानं म्हणाली, "आता सांगतीया! लाज न्हाय वाटत?" वाटत होती. आजही वाटते.

सहा महिने मला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. ते बरोबर होतं. चौदा जणांनी फोटो काढले, कुणाचं काही निघालं नाही. तो निकाल आला त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन रडले.

कुरुंदवाडहून सुशीलाच्या सासऱ्यांचं पत्र आलं. आत्याबाईंनी ते मला वाचायला लावलं. व्याह्यांनी लिहिलं होतं, आमच्या थोरल्या मुलालाही होऊन गेला आहे, आम्हीही सांगितलं नव्हतं. सूनबाई खुशाल आहे. एवढंच. आत्याबाईंनी ते मला दुसऱ्यांदा वाचायला लावलं. ज्याच्या भीतीनं आम्ही हे सगळं केलं ते मुळात नव्हतंच.

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं, सलोमीबाईंना माझ्यामुळं झाला का? ते म्हणाले, ते कुणालाच सांगता येणार नाही. हा रोग खोकल्यातून पसरतो, पेल्यानं सहसा नाही, आणि गावात खोकणारी माणसं काय कमी आहेत? पण वेळेवर कळलं असतं तर एवढं पसरलं नसतं. त्यांनी मला निम्मं सोडलं. उरलेलं निम्मं माझं आहे, ते मी धरून आहे.

आता तुम्हाला सांगायचं ते. त्या सहा महिन्यांत सगळ्या उठून पुढं जायच्या आणि मी बाकावर बसायची. पहिल्या वेळी वाटलं जमीन फाटावी. दुसऱ्या वेळी सगळं देऊळ माझ्याकडं बघत होतं, आणि मला एकदम जाणवलं की आता लपवायला माझ्याकडं काही उरलं नाही. मी पदर सारखा केला आणि बसल्या जागी प्रार्थना केली. वर्ष-दीड वर्षात पहिल्यांदा ती प्रार्थना कुठं अडली नाही. तोवर मी देवाला 'क्षमा कर' म्हणायची तेव्हा खरं तर 'झाकून घे' असं मागत होते. तो झाकून घेत नाही, ताई. तो धुतो. आणि धुवायचं तर आधी बाहेर काढावं लागतं.

ख्रिस्त तुमच्या खाटेशी बसायला तुमच्या बरं होण्याची वाट बघत नाही. तुमच्या खऱ्या बोलण्याचीही वाट बघत नाही. तो माझ्या उशाशी तेव्हाही होता, सलोमीबाई उरलेला रस पीत होत्या तेव्हा. मीच मान वर केली नाही. आजार झाला हे पाप नव्हे. मी लपवलं ते पाप. तुम्ही आजच सांगा. आधी तिला सांगा, जी तुमच्या सगळ्यात जवळ बसते. तिनं दार लावलं तरी सांगा. उशीर तेवढा करू नका, एवढीच माझी तुमच्या पाया पडून विनंती आहे.

दोनशे ऐंशी

सलोमीबाई वर्षानं परत आल्या. जिवंत आल्या. एका बाजूनं श्वास कमी पडायचा, चढ चढताना थांबायच्या. दिवसाच्या भाड्यानं दुसऱ्याचं मशीन आणून शिवायला लागल्या.

काज-बटणाच्या पैशातले पाच रुपये घेऊन मी त्यांच्या दारात गेले.

"हे काय?"

"मशीनचे."

"पापाचं पैसं देतीस व्हय मला?"

मी हे घरून पाठ करून गेले होते, तरी अडखळले. "पापाचे नाहीत. ते माझ्यानं फिटण्यासारखं नाही. ते ज्यानं फेडायचं त्यानं क्रुसावर फेडलं. हे फक्त मशीनचे. मशीन माझ्यामुळं गेलं."

त्या हातातला टाका पुरा करून म्हणाल्या, "ठेव तिथं." मी खिडकीत ठेवले आणि आले.

दर महिन्याला पाच. कधी तीनच जमले. मुलीच्या फीच्या महिन्यात काहीच नाही, तेव्हा जाऊन तसं सांगून यायची. पहिली दोन वर्षं 'ठेव तिथं' याशिवाय शब्द नव्हता. तिसऱ्या वर्षी एकदा त्यांनी पायानं पाट पुढं सरकवला. मी बसले, त्यांनी एक बाही शिवून संपवली, मी उठले. त्यानंतर कधीतरी त्यांनी माझ्या काजांकडं बघून म्हटलं, "हात बसलाय तुझा. तोंडाचं काम सुईनं करतीस अजून." मी घरी येईपर्यंत हसत आले. देवळातही त्या पुन्हा माझ्या डाव्या हाताला बसायला लागल्या. क्षमा केली असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मी विचारलं नाही. मागायचा तो हक्क माझा नाही.

गेल्या महिन्यात मी शेवटचे पाच रुपये घेऊन गेले. मोडच होती, सगळी नाणी. त्यांनी ती ओंजळीत घेतली, मशीनच्या फळीवर मांडून मोजली.

"बरोबर. दोनशे ऐंशी झालं. फिटलं तुझं."

मी उठले. वहाणा घालायला लागले.

"निघालीस?"

"होय."

"पुढच्या म्हैन्यात?"

मी म्हटलं, "आता द्यायचं काही राहिलं नाही ना."

त्यांनी नाणी पदराच्या गाठीत बांधली. "मग मोकळ्या हातानं येता येत न्हाय व्हय कुणाच्या घरी? बस खाली. चहा टाकतो."

मी वहाणा काढल्या आणि बसले.